सुलभा कुलकर्णी, नॅनो आणि माझ्या लेकीची पीएचडी

वैशाखपालवी

मंडळी, लेक पुण्यात एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीला घरी आली तेव्हा सॅकमधून रिकामे डबे, धुवायचे कपडे आणि एक जाड पुस्तक निघालं. 'नॅनोटेक्नॉलॉजी: प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिसेस', लेखिका सुलभा के. कुलकर्णी. मी बी.ए. मराठी, त्यामुळे आतलं काही झेपणार नव्हतं, पण नावापाशी थांबले. पुणे विद्यापीठातल्या प्राध्यापक, आणि पुस्तक स्प्रिंगरने काढलेलं. लेकीला विचारलं तर म्हणाली, "आई, आमच्या वर्गात नॅनोची सुरुवात ह्याच पुस्तकाने होते."

आता मूळ मुद्दा. तिला पीएचडी करायची आहे, तीही प्रयोगातली, नॅनोमधली. धाकटे दीर इंजिनियर आहेत. ते म्हणाले, "वहिनी, लॅबमध्ये रात्र रात्र थांबावं लागतं, यंत्रं उघडावी लागतात. तिला कॉम्प्युटरवरचं फिजिक्स घेऊ दे. लग्नानंतर घरबसल्या करता येईल." ते प्रेमानेच बोलले, पण ते 'घरबसल्या' मला लागलं. लेक काही बोलली नाही, ताटातली भाकरी तशीच टाकून उठली.

ज्यांनी लॅबमध्ये उमेदवारी केली आहे त्यांनी खरं काय ते सांगा. आणि ह्या सुलभाताईंचं काम नेमकं काय, हे मला समजेल अशा मराठीत कुणी लिहील का?

सह्यभटक्या

नॅनो म्हटल्यावर मला आधी टाटांची गाडी आठवली. बाबांनी पिवळी बुक केली होती. कोपऱ्यात बसून वाचतो, येऊ द्या.

अणुरेणू

वैशाखपालवी, प्रयत्न करते. मी त्यांची विद्यार्थिनी नाही, पण त्याच विषयात पंधरा वर्षं काढली आहेत.

नॅनो हा शब्द सगळ्यांच्या तोंडी येण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचं काम पृष्ठभागांवर चालू होतं. एखाद्या पदार्थाचे अगदी वरचे काही अणुथर आतल्या भागापेक्षा वेगळे वागतात. गंज तिथे चढतो, उत्प्रेरक तिथे काम करतो, चिपमधले दोन थर तिथे एकमेकांना भेटतात. ह्याचा अभ्यास करायचं मुख्य हत्यार म्हणजे एक्सपीएस. नमुन्यावर ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण सोडायचे (ॲल्युमिनियमचा स्रोत असेल तर १४८६.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट), बाहेर उडणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजायची, आणि त्यावरून कोणतं मूलद्रव्य आहे, कुणाशी बांधलेलं आहे हे ओळखायचं. हे इलेक्ट्रॉन वरच्या काही नॅनोमीटरमधूनच (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) सुटून येतात, म्हणून माहिती पृष्ठभागाचीच मिळते.

आता विचार करा. एखादा कण तीनेक नॅनोमीटरचा केला तर त्याचे जवळपास निम्मे अणू पृष्ठभागावरच असतात. म्हणजे तो कण जवळजवळ सगळा पृष्ठभागच झाला! त्यामुळे पृष्ठभागाचा माणूस नॅनोकडे वळतो तेव्हा तो घर बदलत नाही, आतल्या खोलीत जातो.

१९९५ साली त्यांच्या गटाचे दोन शोधनिबंध 'अप्लाइड फिजिक्स लेटर्स'मध्ये आले. एकात झिंक सल्फाइडच्या नॅनोकणांत मँगनीज घातलं होतं, दुसऱ्यात तांबं. अतिनील दिव्याखाली मँगनीजवाला कण नारिंगी चमकतो, तांब्याचा हिरवा. आदल्याच वर्षी अमेरिकेत भार्गव आणि सहकाऱ्यांनी असे मँगनीज घातलेले नॅनोकण दाखवून खळबळ उडवली होती. पुण्याच्या निबंधाच्या शीर्षकातच 'पाण्यातून बनवण्याची पद्धत' असं होतं, आणि मला ह्यात फार मोठी गोष्ट दिसते. महागडी भट्टी नाही, विषारी वायू नाही. काचेचं भांडं, पाणी, क्षार, आणि कण फुगू नये म्हणून त्याच्याभोवती बसणारं एक सेंद्रिय रसायन. आपल्याकडच्या कुठल्याही कॉलेजात जमेल असं.

सुलभाताई पुढे पुण्याच्याच आयसर ह्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत गेल्या. आणि पुस्तकाचं म्हणाल तर त्यात प्रात्यक्षिकांचं एक अख्खं प्रकरण आहे. चांदीचे कण करा, सोन्याचे करा, कॅडमियम सल्फाइडचे करा. लेकीला विचारा, तिने त्यातलं काही ना काही केलेलं असणारच.

सह्यभटक्या

"घर बदलत नाही, आतल्या खोलीत जातो." हे वहीत उतरवून घेतलं.

तिखटजाळ

अणुरेणू, माहितीबद्दल आभार, पण थोडं वेगळं मत मांडतो. नॅनो ही एक लाट होती. २००७ मध्ये केंद्राने नॅनो मिशन काढलं, पाच वर्षांसाठी १००० कोटी. त्यानंतर जो तो आपल्या जुन्याच विषयाला नॅनो लावून प्रस्ताव पाठवू लागला. काल जे कोलॉइड (द्रवात तरंगणारे बारीक कण) होतं ते आज नॅनोद्रव झालं. असं काम मी जवळून पाहिलं आहे. झिंक ऑक्साइडचे कण करायचे, चार फोटो, दोन आलेख, निबंध तयार. पुढच्या महिन्यात त्यातच लोह घालून पुन्हा तेच. वैशाखपालवीताई, लेकीला विषयाच्या नावावर भाळू देऊ नका. गाईड कोणता प्रश्न विचारतो आहे ते बघायला सांगा.

अणुरेणू

तिखटजाळ, शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. पण ते दोन निबंध १९९५ चे आहेत, मिशनच्या बारा वर्षं आधीचे. लाट यायच्या आधी जे पाण्यात उतरले होते त्यांना लाटेच्या हिशोबात धरू नका.

तिखटजाळ

मान्य. तारीख माझ्या नजरेतून सुटली.

काढाचूर्ण

आपल्याकडे सुवर्णभस्म शेकडो वर्षांपासून आहे. ते नॅनोच नाही का?

अणुरेणू

भस्मात बारीक कण सापडल्याचे अभ्यास आहेत. पण कण बारीक असणं वेगळं, आणि तो किती बारीक आहे, त्यामुळे कोणता गुण बदलला, हे मोजून दाखवणं वेगळं. मायकेल फॅरेडेने १८५७ साली सोन्याचे इतके बारीक कण पाण्यात तरंगवले की ते माणकासारखे लाल दिसले. आणि तो तिथे थांबला नाही. हा रंग कणांच्या बारीकपणामुळे येतो, असं त्याने प्रयोगातून मांडलं. विज्ञान तिथे सुरू होतं. वैद्यांच्या हातातलं कौशल्य खरं आहे, त्याला नॅनोचं प्रमाणपत्र लागत नाही.

काढाचूर्ण

पटलं. आजोबा खल घेऊन तासन् तास घोटत बसायचे, त्याची आठवण आली म्हणून लिहिलं.

निर्वातपोकळी

धागा उशिरा दिसला. मी एका विद्यापीठाच्या पृष्ठभागाच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून तीस वर्षं काढली, आता निवृत्त. दीर म्हणतात त्या 'यंत्रं उघडावी लागतात' ह्यावर बोलायचा अधिकार मला आहे असं वाटतं.

ताई, एक्सपीएसचं मशीन म्हणजे स्टीलचा एक मोठा डबा, आणि त्यातली हवा जवळजवळ सगळी काढून टाकलेली. का काढायची, तर साधा हिशोब आहे. बाहेरच्या हवेचा दाब ७६० टॉर (टॉर हे दाब मोजायचं एकक). तो टॉरच्या दहा लाखाव्या भागापर्यंत खाली आणला तरी स्वच्छ पृष्ठभागावर एका सेकंदात उरलेल्या वायूचा एक अख्खा अणुथर बसू शकतो. म्हणजे तुम्ही नमुना स्वच्छ करून वळून बघेपर्यंत तो मळलेला! त्याहून आणखी दहा हजार पट खाली गेलात तर तोच थर बसायला पावणेतीन तास लागतात. तेवढ्या वेळात काम उरकायचं.

तिथपर्यंत पोहोचायला ताकद लागत नाही, शिस्त लागते. डबा एकदा उघडला की सांध्यातली तांब्याची चकती, म्हणजे गॅस्केट, बाद, दरवेळी नवीन. फ्लँजचे, म्हणजे सांध्याच्या कड्यांचे, बोल्ट समोरासमोरचे, एकेक, थोडे थोडे आवळायचे. एका बाजूने घट्ट केलं की दुसरीकडून गळती ठरलेली. मग सगळ्या डब्याला हीटिंग टेप गुंडाळायची, वरून ॲल्युमिनियम फॉइल, आणि दीड-दोन दिवस भाजायचं, म्हणजे भिंतींना चिकटलेलं पाणी सुटतं. आम्ही त्याला 'बेकिंगला लावणं' म्हणायचो. बेकिंगच्या रात्री कुणीतरी जागं पाहिजे, हे दिरांचं खरं आहे. लोडशेडिंगच्या वर्षांत तर आम्ही वीज मंडळाचं वेळापत्रक बघून प्रयोग लावायचो.

तीस वर्षांत पंधरा-सोळा पोरं-पोरी माझ्या हाताखालून गेली. सगळ्यात सुबक फ्लँज बसवायची ती एक मुलगी, सोलापूरकडची. तिच्या हातचा सांधा मला दुसऱ्यांदा तपासावा लागला नाही. तिला विचारलं कुठे शिकलीस, तर म्हणाली, वडिलांचं पंपदुरुस्तीचं दुकान आहे, लहानपणापासून वॉशर बदलते आहे.

वैशाखपालवी

निर्वातपोकळीदादा, तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला घरात. दीरही ऐकत होते. ते म्हणाले, "पावणेतीन तासांचं मला माहीत नव्हतं." आमच्याकडे हीच मोठी गोष्ट.

कोडकर्ती

मी कॉम्प्युटरवरचं फिजिक्स करते, तेव्हा आमची बाजूही ऐका. हे 'घरबसल्या' कुणी पसरवलं आहे कोण जाणे! सुपरकॉम्प्युटरच्या रांगेत काम लावायचं, ते रात्री दोनला संपतं किंवा चुकून बंद पडतं, मग उठून पुन्हा लावा. एका कणातले काहीशे अणू घेऊन त्यातल्या इलेक्ट्रॉनांची गणितं सोडवायला आठवडे जातात. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये शोभना नरसिंहन हेच करतात, नॅनो पदार्थांचं संगणकी भौतिकशास्त्र. त्यांचं काम वाचलं तर हे प्रयोगापेक्षा सोपं आहे असं कुणी म्हणणार नाही.

लेकीला सिद्धांत आवडत असेल तर जरूर यावं, आम्हाला माणसं हवीच आहेत. पण 'सोयीचं' म्हणून येणाऱ्याचा तिसऱ्या वर्षी फार कोंडमारा होतो. माझ्या शेजारच्या टेबलावर मी तो पाहिला आहे.

शिमलाचौक

पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस आहे ना, हवामान खात्याचं, त्याच्यासमोरून मी रोज जातो. त्या खात्यात पुण्याला ॲना मणी होत्या, हे कितीजणांना माहीत आहे? जन्म १९१८. बेंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांच्या प्रकाशावर काम केलं. एकेका छायाचित्रासाठी पंधरा-वीस तास फोटोची काच प्रकाशात ठेवावी लागे, त्यामुळे रात्री लॅबमध्येच. तेही १९४० च्या दशकात! पाच निबंध एकटीच्या नावावर, आणि प्रबंध दिला तर मद्रास विद्यापीठाने सांगितलं की एम.एस्सी. नाही म्हणून पीएचडी नाही. मग इंग्लंडला जाऊन हवामानाची उपकरणं शिकल्या, १९४८ मध्ये परतून पुण्याला रुजू झाल्या आणि शंभरेक उपकरणांची रेखाटनं प्रमाणित करून ती इथे बनवायला लावली.

वैशाखपालवी, रात्री लॅबमध्ये थांबणाऱ्या मुलींची गोष्ट आपल्याकडे काही नवी नाही.

रानजाई

शिमलाचौक, रामन यांचं नाव काढलंत म्हणून कमलाबाईही आठवल्या पाहिजेत. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंच्या धाकट्या बहीण. १९३३ साली त्या बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या तर मुलगी म्हणून रामन यांनी नकार दिला. त्या मागे हटल्या नाहीत, तेव्हा अटींवर घेतलं. पहिलं वर्ष फक्त अजमावून बघण्यापुरतं, आणि इतरांचं लक्ष विचलित होता कामा नये म्हणे. कमलाबाईंना ही अट आयुष्यभर अपमान वाटत राहिली, आणि तो होताच. पुढे केंब्रिजची पीएचडी मिळवली. त्यांचा विषय जीवरसायन, नॅनो नाही, पण ते दार त्यांनी उघडलं म्हणून पुढच्या आत जाऊ शकल्या.

तिखटजाळ

रामन यांच्याबद्दल लिहिताना हेही लिहायला हवं की त्यानंतर त्यांनी मुलींना प्रवेश देणं सुरू केलं, आणि ॲना मणी त्यांच्याकडेच होत्या.

रानजाई

हो, आणि ते कमलाबाईंनी करून दाखवल्यावर. सिद्ध करून दाखवायचं ओझं कुणावर होतं, एवढंच माझं म्हणणं.

पुन्हा_प्रयोगात

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. लिहिते.

मी प्रयोगातली पीएचडी अर्ध्यात सोडली होती. विद्यापीठाचं नाव घेत नाही. कारण विज्ञान नव्हतंच. आमच्या मजल्यावर बायकांचं स्वच्छतागृह नव्हतं, शेजारच्या इमारतीतलं रात्री आठला कुलूपबंद व्हायचं. माझं प्रयोगाचं मोजमाप रात्री अकरापर्यंत चालायचं. मी संध्याकाळी सहानंतर पाणी पिणं बंद केलं, दोनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. तक्रार केली तर उत्तर आलं, "मग दिवसा करा ना काम." दिवसा मशीन सीनियर मुलांकडे. पुढे दिवस राहिले तेव्हा गाईड म्हणाले, आता तुम्ही ठरवा. मी ठरवलं नाही, माझ्यासाठी ठरलं.

सहा वर्षांनी केंद्राच्या महिला शास्त्रज्ञ योजनेतून परत आले. खंड पडलेल्या बायकांसाठी ती होती, आता हे सगळं वाईज-किरण ह्या नावाखाली येतं. पहिल्या दिवशी लॅबमध्ये पंपाचा आवाज ऐकला आणि रडू आलं. तो घरघराट मला माहेरच्या जात्यासारखा वाटला.

वैशाखपालवीताई, मुलीने प्रयोगातच जावं, तिला आवडत असेल तर. फक्त गाईड निवडायच्या आधी तिने तिथल्या एखाद्या मुलीला एकटीला गाठून चहाला न्यावं आणि विचारावं: रात्री लॅबमध्ये कोण असतं, स्वच्छतागृह कुठे आहे, मशीनचा वेळ कसा वाटतात, रजा मागितली तर काय होतं. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांनी पीएचडी करणाऱ्या मुलींना २४० दिवसांची बाळंतपणाची रजा आणि मुदतीत दोन वर्षांची सवलत दिली आहे. हे तिने तोंडपाठ ठेवावं, कारण आपणहून कुणी सांगत नाही.

रानजाई

पुन्हा_प्रयोगात, तुम्ही परतलात हे वाचून फार बरं वाटलं.

निर्वातपोकळी

बाई, तुमचं वाचून मान खाली गेली. आमच्या मजल्यावरही नव्हतं. आम्ही पंपांच्या तेलाची नोंद ठेवायचो, कोणत्या दिवशी बदललं, किती मिलिलीटर. आणि ह्या गोष्टीकडे तीस वर्षांत माझं एकदाही लक्ष गेलं नाही. सोलापूरची ती मुलगी काय करत असेल, हा प्रश्न आज पहिल्यांदा पडला.

अणुरेणू

रोहिणी गोडबोले पुण्याच्याच, कणभौतिकीतल्या, २०२४ च्या ऑक्टोबरात गेल्या. त्यांनी आणि राम रामस्वामींनी २००८ मध्ये 'लीलावतीज् डॉटर्स' हे भारतातल्या वैज्ञानिक स्त्रियांचं पुस्तक संपादित केलं. जवळपास शंभर जणींविषयी आहे. वैशाखपालवी, तुम्हाला त्यातलं बरंचसं समजेल, समीकरणं नाहीत. लेकीच्या आधी तुम्हीच वाचा.

व्यवहारी

पैशांचं कुणी बोललंच नाही. नेट ही परीक्षा निघाली तर जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळते, २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडं. दोन वर्षांनी ४२,०००. पैसे वेळेवर खात्यात पडत नाहीत कधी कधी, तेव्हा सहा महिन्यांची गंगाजळी हाताशी असू द्या.

वैशाखपालवी

सगळ्यांचे मनापासून आभार. आता इकडची हकीकत सांगते.

गेल्या शनिवारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. हातात काचेच्या दोन बाटल्या, दोन्हींत दुधी पाणी, काहीच फरक दिसेना. मग तिने खोलीतला दिवा घालवला आणि खाली एक जांभळा दिवा लावला. एक बाटली तशीच फिकट राहिली. दुसरी नारिंगी झाली, आमच्या अंगणातल्या पारिजातकाच्या देठासारखी. म्हणाली, "आई, झिंक सल्फाइड. ह्यात मँगनीज आहे, त्यात नाही. पाण्यातच केलं." अणुरेणूंनी लिहिलेलं मी वाचलेलं होतं म्हणून मी म्हटलं, "आणि तांबं घातलं असतंस तर हिरवं." ती दोन सेकंद गप्प, आणि मग एवढी हसली की दीर आतल्या खोलीतून बाहेर आले. त्यांनाही तिने पुन्हा लावून दाखवलं. त्यांनी विचारलं, "किती दिवस चमकतं हे?" तेव्हापासून त्यांनी कॉम्प्युटरचा विषय काढलेला नाही.

तिने दोन ठिकाणी गाईडना मेल केली आहे. एका ठिकाणी पुढच्या मंगळवारी जाऊन येणार आहे, आणि पुन्हा_प्रयोगात यांचे चारही प्रश्न मी तिला लिहून पाठवले आहेत.

पुन्हा_प्रयोगात

मंगळवारी काय झालं ते इथे नक्की कळवा. आणि पाचवा प्रश्न राहिला: लॅबची किल्ली विद्यार्थ्यांकडे असते का?

निर्वातपोकळी

ताई, त्या जांभळ्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघत जाऊ नको म्हणावं तिला. अतिनीलचा चष्मा लॅबमध्ये असतो, बहुधा खालच्या खणात.